रात्रीचं आभाळ एक्सप्रेशनिस्ट पद्धतीने रंगवताना: बघण्यापासून शेवटच्या ताऱ्यापर्यंत

रात्रीचं आभाळ रंगवायला बसलं की बहुतेक जण सगळ्यात आधी काळ्या रंगाची ट्यूब उघडतात, कॅनव्हास काळानिळा करून टाकतात आणि शेवटी ब्रशचं टोक पांढऱ्यात बुडवून ठिपके देतात, आणि मग चित्र असं मेल्यासारखं का दिसतंय ते काही केल्या कळत नाही. माझी सुरुवातीची दोन-तीन वर्षं अशीच गेली. सप्टेंबर १८८८ मध्ये व्हॅन गॉगने आपल्या बहिणीला, विलेमीनला, जे पत्र लिहिलं त्यात हेच आहे, की निळ्याकाळ्यावर पांढरे ठिपके दिले म्हणजे ताऱ्यांनी भरलेलं आभाळ होत नाही, नीट बघितलं तर काही तारे लिंबासारखे पिवळे असतात, काहींची झाक गुलाबी, हिरवी, निळी असते. म्हणजे ज्याचं आभाळ आपल्याला सगळ्यात जास्त कल्पनेतलं वाटतं तो माणूस आधी तासन्‌तास खरं आभाळ बघत होता.

हा सगळा लेख त्या एका गोष्टीवर उभा आहे. एक्सप्रेशनिस्ट चित्र (दिसतं तसं नाही, आतून जाणवतं तसं काढलेलं) म्हणजे मनात येईल तसं वेडंवाकडं फटकारणं असा समज असतो, पण चांगल्या चित्रांत आधी बघणं असतं, मग बघितलेल्यातलं एकच काहीतरी पकडून ते वाढवणं असतं, आणि बाकीचं सोडून देणं असतं. ड्रेस्डेनमध्ये १९०५ साली डी ब्रुके हा एक्सप्रेशनिस्ट चित्रकारांचा गट सुरू झाला, म्युनिकमध्ये १९११ साली ब्लाउ रायटर, आणि त्यांच्या आधी व्हॅन गॉग आणि नॉर्वेचा चित्रकार मुंक ही वाट पाडून गेले होते. त्या लोकांना आभाळ का आवडलं असेल? माझं मत असं की आभाळाला ठराविक आकारच नाही, त्यामुळे ते ताणलं, वाकवलं, फाडलं तरी कुणी म्हणत नाही की हे चुकलं. माणसाचा चेहरा हिरवा केला की बघणारा दचकतो, आभाळ हिरवं केलं की तो मान्य करतो आणि थेट भावनेपर्यंत पोचतो.

आधी एक रात्र नुसतं बघायला द्या

ब्रश नको, रंग नको. पेन्सिल, छोटी वही आणि लाल कागद लावलेला टॉर्च. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि मधे एकदा जरी मोबाईलची स्क्रीन बघितली की परत शून्यापासून सुरुवात, म्हणून मोबाईल लांब ठेवा. लाल उजेडाने हा सराव फारसा मोडत नाही.

काय बघायचं? पहिली गोष्ट, आभाळ सगळीकडे सारखं काळं आहे का. नसतंच. क्षितिजाजवळ ते उजळ असतं, डोक्यावर गडद, आणि चंद्र असेल तर त्याच्याभोवती वेगळाच रंग असतो, पातळ ढग असतील तर खळं पडलेलं असतं. दुसरी गोष्ट, ताऱ्यांचे रंग. मृग नक्षत्रात काक्षी आणि राजन्य हे दोन ठळक तारे एकाच वेळी दिसतात, काक्षी नारिंगी आणि राजन्य निळसर पांढरा, दोघांकडे आळीपाळीने बघा म्हणजे फरक लगेच कळतो. रोहिणी आणि ज्येष्ठा तांबूस, चित्रा निळसर. यात एक गंमतशीर उलटापालट आहे, काक्षीचं तापमान साधारण ३,५०० केल्व्हिन आणि राजन्यचं जवळपास १२,००० केल्व्हिन, म्हणजे आपण चित्रकार ज्याला थंड रंग म्हणतो तो तारा खरं तर जास्त तापलेला असतो. चित्रात याचा सरळ उपयोग नाही, पण निळ्या ताऱ्याला शांत, गारठलेला समजायची सवय यामुळे माझी मोडली आणि माझे निळे तारे त्यानंतर जास्त तीव्र झाले.

तिसरी गोष्ट, आपल्या डोळ्याचं वागणं. अंधारात लाल रंग काळे पडतात आणि निळे-हिरवे उजळ वाटतात. अंधुक तारा थेट बघितला की नाहीसा होतो आणि नजर जरा बाजूला नेली की परत दिसतो. हा दिसतोय-नाहीसा होतोय अनुभवच रंगवायचा आहे हे लक्षात ठेवा.

वहीत चित्र काढायचा फार प्रयत्न करू नका, शब्द लिहा. माझ्या वहीत एका रात्रीचं असं आहे: "खाली धुळकट जांभळा, वर जाता जाता शाईसारखा, चंद्राच्या डावीकडे हिरवट पट्टा, कृत्तिकांचा पुंजका श्वास घेतल्यासारखा, मला लहान वाटतंय पण भीती नाही." शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. त्या वाक्यावर पुढे अख्खं चित्र उभं राहिलं.

आभाळ काय करतंय, ते एका क्रियापदात सांगा

घरी आल्यावर वहीतल्या नोंदींतून एक क्रियापद निवडायचं. "सुंदर", "गूढ", "शांत" असली विशेषणं इथे कामाची नाहीत, कारण विशेषणाला दिशा नसते आणि ब्रशला दिशा लागते. फिरतंय, दाबतंय, कोसळतंय, फाटतंय, झिरपतंय, फुलतंय, ओढून घेतंय, असलं काहीतरी हवं. क्रियापद ठरलं की निम्मे निर्णय आपोआप होतात: फिरणाऱ्या आभाळाला गोलावे लागतात, दाबणाऱ्या आभाळाला रुंद आडवे जड पट्टे आणि वर ढकललेलं क्षितिज, फाटणाऱ्याला तिरके धारदार काप, झिरपणाऱ्याला वरून खाली येणारे पातळ थर.

उदाहरणं बघा. १८८९ च्या जूनमधलं व्हॅन गॉगचं 'द स्टारी नाइट' फिरतंय हे सगळ्यांना माहीत आहे. मुंकचा 'सूर्य', १९११ चा, ऑस्लो विद्यापीठाच्या सभागृहातला, साडेचार मीटर उंच आणि जवळपास आठ मीटर रुंद, तो फुटतोय आणि आपल्या अंगावर येतोय, किरण सरळ रेषांनी चौफेर फेकलेत, खालचे खडक आणि समुद्र त्या प्रकाशाखाली चिरडल्यासारखे वाटतात. ओटो डिक्सचा १९१३ चा 'सूर्योदय' तर उलटाच, बर्फाच्या शेतावर कावळे उडतायत आणि सूर्याच्या किरणांत काळे पट्टे आहेत, तिथे सूर्य उगवतोय की धमकावतोय असा प्रश्न पडतो. सूर्य तोच, क्रियापद वेगळं, त्यामुळे चित्रच वेगळं. बर्लिनमध्ये लुडविग माइडनरने १९१२ पासून जी शहरं रंगवली त्यांच्यावरचं आभाळ तर स्फोट झाल्यासारखं कोसळतं. त्याच्या दोनच वर्षं आधी, १९१० मध्ये, हॅलेचा धूमकेतू येऊन गेला होता आणि त्याच्या शेपटीतल्या विषारी वायूने जगबुडी होईल अशी घबराट पसरली होती, म्हणजे आभाळाकडे भीतीने बघायची त्या पिढीला सवय लागलेली होती.

एका चित्रात एकच क्रियापद. दोन घातली की आभाळ नुसतं गोंधळलेलं दिसतं. मी फिरणारं आणि कोसळणारं एकत्र करून बघितलंय, महिनाभर झटलो तरी ते एकमेकांना खात राहिले.

खरं बघितलेलं हलवायची परवानगी

इथे बरेच जण अडखळतात, की एवढं बघून आलो तर आता तसंच काढायला हवं ना? नाही. व्हॅन गॉगच्या ऱ्होन नदीवरच्या तारांकित रात्रीत, १८८८ च्या, सप्तर्षी अगदी ओळखू येतील असे काढलेत, पण चित्रातला देखावा नैर्ऋत्येकडचा आहे आणि सप्तर्षी उत्तरेला असतात, म्हणजे त्याने अख्खं नक्षत्र उचलून नदीवर आणून ठेवलं. 'द स्टारी नाइट'मध्ये चंद्रकोर आहे पण त्या दिवसांत खरा चंद्र अर्ध्यापेक्षा मोठा होता. त्याच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीतून गाव दिसत नव्हतं तरी ते खाली आहे. पण सायप्रसच्या उंच झाडाच्या उजवीकडे जो पांढराशुभ्र मोठा तारा दिसतो तो शुक्र, आणि तो त्या पहाटे खरंच तिथे होता, पहाटतारा खूप मोठा दिसला असं त्याने भावाला लिहिलेलं आहे. एक गोष्ट खरी धरून ठेवायची आणि तिच्या भरवशावर बाकीच्या हलवायच्या, हे मला त्या चित्रातून मिळालेलं सगळ्यात मोठं शिक्षण आहे.

आता पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची पाच-सहा स्केचेस करा, प्रत्येकाला तीन मिनिटं, फक्त तीन टोन: गडद, मधला, उजळ. तपशील नको. यात ठरवायचं एवढंच की क्षितिज कुठे, सगळ्यात उजळ जागा कुठे आणि जमिनीवरून आभाळात घुसणारी एखादी उभी गोष्ट आहे का. झाड, खांब, डोंगर, माणूस, काहीही चालेल. ही उभी गोष्ट महत्त्वाची आहे, तिच्याशिवाय आभाळ आणि जमीन दोन वेगळ्या चित्रांसारखी दिसतात, सायप्रस झाकून 'द स्टारी नाइट' बघा म्हणजे कळेल.

सगळं फार किचकट वाटत असेल तर अमेरिकन चित्रकार अॅडॉल्फ गॉटलिबची १९५७ पासूनची 'बर्स्ट' मालिका बघा, वर एक शांत गोल, खाली एक विस्कटलेला काळा आकार, मधे रिकामी जागा, बस्स. ती मुद्दाम आभाळाची चित्रं नाहीत तरी बघताना सूर्य, ग्रह, स्फोट सगळं आठवतं. दोनच आकार घेऊन एक स्केच असं करून बघा, बाकीच्या स्केचेसमध्ये किती फाफटपसारा होता ते लगेच उघडं पडतं.

सामान

यावर फार वेळ घालवू नका. पहिल्या चित्राला चाळीस बाय पन्नास सेंटीमीटरच्या आसपासचा कॅनव्हास घ्या, फार लहान घेतलात तर हात मनगटातून हलतो आणि स्ट्रोक किरटे येतात. अॅक्रिलिक धरून लिहितोय, ऑइलचं जिथे वेगळं आहे तिथे सांगेन. रंग: अल्ट्रामरीन ब्लू, थॅलो ब्लू, बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना, अलिझरीन क्रिमसन, यलो ओकर, लेमन यलो, कॅडमियम ऑरेंज, टायटॅनियम व्हाइट. काळा जवळ असू द्या पण झाकण लावून. ब्रश चपटे, ताठ केसांचे, एक रुंद, दोन मधले, एक बारीक. एक पॅलेट नाइफ, जुना टूथब्रश, खडू.

थॅलो ब्लूपासून जपून राहा. काडेपेटीच्या काडीच्या डोक्याएवढा घेतला तरी अख्ख्या मिश्रणाचा ताबा घेतो. आणि कॅडमियमचे रंग वापरत असाल तर ते टूथब्रशने उडवायचे नाहीत, वाळलेला थर सँडपेपरने घासायचा नाही, आणि रंगवताना खाणं-पिणं बाजूला.

अंधार तयार करायचा

पांढऱ्या कॅनव्हासवर थेट निळा लावू नका. आधी बर्न्ट सिएनामध्ये थोडा ऑरेंज घालून पातळ करा आणि सगळा कॅनव्हास त्याने झाकून टाका, एकसारखा नाही झाला तरी चालेल, उलट बरं. रात्रीच्या चित्राखाली विटकरी रंग बघून नवीन माणूस घाबरतो, पण पुढे निळ्या स्ट्रोकांच्या फटींतून हाच रंग डोकावतो आणि आभाळाला आतून ऊब आल्यासारखी होते. निळ्याच्या शेजारी नारिंगी आला की दोघेही पेटतात, आणि हे काम तुम्ही आधीच करून ठेवलेलं असतं.

पूर्ण वाळू द्या. मग खडूने क्रियापदाच्या रेषा आखा, वाहत्या पाण्यात दगड असले की पाणी जसं त्यांना वळसा घालून जातं तशा, चंद्र आणि मोठे तारे म्हणजे दगड.

आता गडद रंग. कागदाच्या तुकड्यावर हे तीन अंधार शेजारी शेजारी लावून बघा. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर साधारण सारख्या प्रमाणात: मखमली, जवळपास काळा, अंबर वाढवला की जमिनीसारखा आणि निळा वाढवला की खोल रात्रीसारखा. थॅलो ब्लू आणि अलिझरीन: जांभळट, पारदर्शक, शाईसारखा, यात खोली सगळ्यात जास्त. थॅलो ब्लू आणि बर्न्ट सिएना: हिरवट काळा, जरा अस्वस्थ करणारा, वादळाच्या रात्रीला हाच. तिन्ही सुकल्यावर त्यांच्यावर थोडं पांढरं मिसळून घासा म्हणजे आत लपलेला रंग बाहेर येतो. ट्यूबमधल्या काळ्याला असा पोटातला रंग फारसा नसतो, म्हणून त्याचा अंधार भिंतीसारखा सपाट होतो.

काळा वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. डिक्सने वापरला, गॉटलिबने वापरला, पण त्यांनी तो लाल-पिवळ्यासारखा एक रंग म्हणून वापरला, त्याचा स्वतःचा आकार आणि आवाज आहे. अंधार म्हणून सगळीकडे पसरायला काळा घेतला की घोटाळा होतो.

अॅक्रिलिक सुकल्यावर एक छटा गडद होतो हे धरून चाला, पॅलेटवर थोडा उजळ वाटला तरच बरोबर. टोन बरोबर आहेत का हे बघायला मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा, आभाळात निदान चार वेगळे करडे दिसले पाहिजेत. एकच दिसला तर चंद्र कितीही उजळ केलात तरी तो चिकटवल्यासारखाच दिसणार.

ऑइलवाल्यांसाठी: खालचे थर पातळ, टर्पेंटाइनवाले, वरचे तेल जास्त असलेले. उलटं केलंत तर वर्षा-दोन वर्षांत भेगा. बर्न्ट अंबर लवकर वाळतो म्हणून खालच्या अंधाराला तो चांगलाच.

स्ट्रोक

उभं राहून रंगवा. हात खांद्यातून हलला पाहिजे. रुंद ब्रशवर भरपूर रंग घ्या, खडूच्या रेषेवर ठेवा, ओढा, उचला, आणि त्याच जागी परत जाऊ नका. ब्रश पुन्हा पुन्हा फिरवून दोन रंग एकमेकांत विरघळवण्याची सवय असते ना, ती इथे पूर्ण बंद. प्रत्येक स्ट्रोक वेगळा दिसायला हवा, त्याची सुरुवात आणि शेवट दिसायला हवा, शेजाऱ्यापेक्षा त्याचा रंग थोडा हलला पाहिजे. मी तीन गडद मिश्रणं आणि दोन मधले निळे पॅलेटवर ओळीने ठेवतो आणि प्रत्येक चार-पाच स्ट्रोकांनंतर डबकं बदलतो, मुद्दाम, विचार न करता.

सुरुवातीला सगळे स्ट्रोक एकाच लांबीचे येतात आणि आभाळ विणलेल्या चटईसारखं होतं. प्रवाह जिथे मोकळा तिथे लांब स्ट्रोक, दगडाजवळ म्हणजे चंद्र-ताऱ्याजवळ आखूड आणि दाट, असं केलं की वेग जाणवायला लागतो. फटी राहिल्या तर राहू द्या, 'द स्टारी नाइट'मध्येसुद्धा कित्येक ठिकाणी दोन स्ट्रोकांच्या मधून कॅनव्हास उघडा दिसतो.

जलरंगात करणार असाल तर जॉर्जिया ओ'कीफची १९१७ ची 'इव्हनिंग स्टार' मालिका जरूर बघा. टेक्सासमध्ये शिकवत असताना संध्याकाळी मोकळ्या माळावर तिला जो तारा दिसायचा त्याची ही चित्रं. पिवळा गोल, त्याच्याभोवती लाल-नारिंगी वळसा, खाली निळा-हिरवा, आणि रंगांच्या पट्ट्यांमधे कोऱ्या कागदाची बारीक पांढरी फट सोडलेली, त्यामुळे रंग एकमेकांत उतरत नाहीत आणि ती फटच उजेड होते. काय धाडस आहे त्यात! तारा एक ठिपका असतो आणि तिने तो अर्ध्या आभाळाएवढा केला.

एक तारा, सावकाश

आभाळ पूर्ण सुकलेलं असू द्या. पॅलेटवर चार डबकी करा. पहिलं, आभाळाचाच निळा पण त्यात ओकर आणि पांढरं घालून हिरवट करडा केलेला. दुसरं, ओकर आणि पांढरं. तिसरं, लेमन यलो आणि पांढरं. चौथं, जवळपास पांढरं, त्यात ऑरेंजचा नुसता स्पर्श.

मधली जागा रिकामी सोडून पहिल्या डबक्यातून आखूड तुटक स्ट्रोकांचं कडं काढा, अंगठ्याच्या पेराएवढं. कडं बंद करायचं नाही, आणि कंपासने काढल्यासारखं गोल तर अजिबात नाही, आभाळाचा प्रवाह ज्या बाजूला वाहतोय तिकडे ते थोडं ताणलेलं असू दे. त्याच्या आत दुसऱ्या डबक्यातून आणखी आखूड स्ट्रोक, मधे मधे अंधार दिसतोय ना? तो दिसलाच पाहिजे, उजेड थरथरल्यासारखा वाटतो तो त्या फटींमुळेच. आता थांबा, वाळू द्या. इथे घाई केली की निळ्यावर पिवळा जाऊन सगळं हिरवं होतं, लेमन यलो बराच पारदर्शक असतो म्हणून त्याच्याखाली ओकर-पांढऱ्याची गादी लागते. वाळल्यावर त्या गादीवर तिसरं डबकं. आणि शेवटी चौथं, ब्रशवर जाड घ्या, मधोमध एकदाच दाबा, सरळ उचला. उचलताना रंगाचं छोटं टोक वर येतं, त्याला हात लावू नका, खोलीतला उजेड त्या टोकावर पडतो आणि तारा खरोखर चमकतो.

असे किती तारे? या पद्धतीचा एक किंवा फार तर तीन. त्याखालच्या दर्जाचे सात-आठ, त्यांना कडं एकच आणि रंग वेगवेगळे, वहीतल्या नोंदी बघा, कुठे तांबूस, कुठे निळसर. बाकीचे नुसते सूचक स्पर्श, किंवा टूथब्रशवर पातळ रंग घेऊन अंगठ्याने उडवलेले तुषार, तेही प्रवाहाच्या दिशेने आणि एका बाजूला दाट. सगळे तारे सारखे महत्त्वाचे केले की एकही महत्त्वाचा राहत नाही आणि अंतरही सारखं झालं तर कापडावरची छपाई वाटते.

चंद्र आणि सूर्य

हात लांब करून करंगळीचं नख चंद्रासमोर धरा, चंद्र पूर्ण झाकला जातो. खरा चंद्र एवढुसा, फक्त अर्धा अंश. चित्रात तो किती मोठा करायचा हे क्रियापद ठरवतं, पण मोठा केलात तर आभाळाने त्याची दखल घेतली पाहिजे, म्हणजे स्ट्रोकांनी वळसा घातला पाहिजे, शेजारचा निळा उजळला पाहिजे, खळ्याचा रंग दूरवर एक-दोन ठिकाणी परत दिसला पाहिजे.

चंद्राला शुद्ध पांढरा कधीच लावू नका. ओकर, थोडा ऑरेंज, भरपूर पांढरं, एवढं पुरतं, गडद आभाळावर ते पांढऱ्यापेक्षा जास्त उजळ वाटतं. कोर काढत असाल तर तिची प्रकाशित बाजू सूर्याकडे असते, संध्याकाळी सूर्य मावळला तिकडे, पहाटे उगवणार तिकडे, आणि कोरीच्या पोकळीत तारा येत नाही कारण तिथे चंद्राचाच न उजळलेला भाग असतो. हा नियम मोडायचा असेल तर मोडा, पण माहीत असून मोडा. त्या अंधाऱ्या भागाला निळसर राखाडी हलका हात द्या, पृथ्वीवरून परतलेल्या उजेडाने तो खरंच तसा दिसतो.

पाणी असेल तर मुंककडे चला. त्याच्या १८९९-१९०० च्या 'जीवनाचा नाच' या चित्रात समुद्रावर पडलेलं चंद्राचं प्रतिबिंब एका जाड सरळ खांबासारखं उभं आहे आणि वरचा गोल त्या खांबाचं डोकं झालाय. खऱ्या पाण्यावर असा उजेड लाटांनी तुटलेला आणि हलता असतो, त्याने तो गोठवला आणि एक चिन्ह तयार केलं. तुम्हाला दोन्ही करता येईल: आडव्या तुटक स्ट्रोकांनी हलता उजेड, किंवा पॅलेट नाइफने एका दमात ओढलेला उभा पट्टा. नाइफने करताना खालचा थर सुकलेलाच हवा नाहीतर पट्टा मळतो.

सूर्याचं चित्र वेगळ्या अडचणीचं, कारण रंग कितीही उजळ असला तरी डोळे दिपतील इतका नसतो. मुंकने यावर तोडगा काढला तो किरणांना रंगीत तुकड्यांत तोडून: पांढरं केंद्र, भोवती पिवळा, मग नारिंगी, निळा, हिरवा, जणू बराच वेळ बघितल्यावर डोळ्यापुढे नाचतात ते रंग. (सूर्याकडे थेट बघून अभ्यास करायचा नाही, काही सेकंदही नाही. क्षितिजाला टेकलेला असताना आजूबाजूचं आभाळ बघा, तेवढं पुरे.) केंद्र छोटं ठेवा, किरण केंद्राजवळ दाट आणि कडेला विरळ, आणि दोन किरणांमधे थंड करडा निळा भरा, दिपल्यासारखं वाटतं ते त्या करड्यामुळे.

जमिनीला वेळ कमी द्या. चार-पाच मोठे आकार, आभाळातलेच गडद रंग, आणि एखादाच उबदार उजेड, खिडकी किंवा दिवा. फक्त एक करा, आभाळाच्या प्रवाहाची दिशा जमिनीच्या स्ट्रोकांतही थोडी उतरू द्या.

अडलं तर

आभाळ चिखलासारखं झालंय: एका ओल्या थरात तीनपेक्षा जास्त रंग गेलेत. सुकू द्या आणि वर फक्त दोन रंगांचे स्वच्छ स्ट्रोक द्या, खालचा चिखल तेव्हा उपयोगीच पडतो.

चंद्र चिकटवल्यासारखा दिसतोय: कड सगळीकडे सारखी धारदार आहे. एका बाजूची कड आभाळाच्या दोन-तीन स्ट्रोकांनी मोडा.

सगळं सुंदर आहे पण काहीच जाणवत नाही, ही तक्रार सगळ्यात जास्त येते. वहीतलं ते शेवटचं वाक्य काढून वाचा आणि चित्रासमोर उभं राहून विचारा की यातला कुठला भाग या वाक्याशी खोटं बोलतोय. माझ्या "लहान वाटतंय पण भीती नाही" वाल्या चित्रात खाली एक माणूस होता, हात वर केलेला, त्याला बघून भीतीच वाटायची. तो दोन आठवडे तसाच ठेवला कारण त्याचा हात छान जमला होता. शेवटी त्याच्यावर गडद जांभळा फिरवला, फक्त डोक्याची किनार ठेवली ओकरची, आणि चित्र ताबडतोब मोकळं झालं.

रोज संध्याकाळी चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि सकाळी अचानक वळवून बघा, पहिल्या दोन सेकंदांत नजर जिथे अडते तिथेच काम बाकी असतं. दोन सकाळी लागोपाठ कुठेच अडली नाही की ब्रश धुवून ठेवा, तुषारांचा मोह झाला तरी. अॅक्रिलिकला जाड थर पूर्ण सुकल्यावर, म्हणजे निदान आठवडाभराने, व्हार्निश द्या, ऑइलला जाडीनुसार सहा महिने ते वर्षभर थांबा. व्हार्निश लावल्यावर गडद निळे पुन्हा ओल्या रंगासारखे खोल होतात आणि खालचा विटकरी फटींतून वर येतो, तेव्हा ते चित्र एकदा अंधाऱ्या खोलीत, फक्त दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडात बघा.